दुरून आलेले भाषण आणि गावातील बैठक : पुणे जिल्ह्यातील 1956 चा ग्रामीण श्रोतृमंडळ प्रयोग

गोषवारा : पुणे आकाशवाणी केंद्रावरून 1956 च्या पूर्वार्धात पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांसाठी ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. दूरच्या तज्ज्ञांची भाषणे गावात एकत्र बसून ऐकणे, त्यांवर चर्चा करणे आणि आपले प्रश्न परत केंद्राकडे पाठविणे असे त्याचे स्वरूप होते. प्रस्तुत निबंधात या प्रयोगाचा विचार पाटस परिसरातील सामुदायिक श्रवणाच्या परंपरेच्या संदर्भात केला असून, श्रवणाचे स्थानिक यजमानपद हा त्याचा मुख्य विषय आहे.

बीजसंज्ञा : सामुदायिक श्रवण, आकाशवाणी पुणे, श्रोतृमंडळ, संयोजक, दौंड तालुका.

प्रस्तावना

एखाद्या मोठ्या परिषदेतील व्याख्याने दूरच्या गावी पडद्यावर दाखवावीत, ती ऐकण्यासाठी लोकांनी ठरलेल्या वेळी जमावे आणि नंतर आपसांत चर्चा करावी, हा उपक्रम अलीकडे महाविद्यालयांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. 2020 च्या टाळेबंदीनंतर तर कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय परिषदेचे प्रक्षेपण पाहणे ही नवलाची गोष्ट उरली नाही. या उपक्रमाचे श्रेय सर्वसाधारणपणे इंटरनेटला आणि प्रोजेक्टरला दिले जाते. पुणे जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र असे आढळते की, दूरचे भाषण गावात आणण्याची धडपड यंत्राच्या पुष्कळ आधीपासून चालू होती. आणि यंत्र आल्यावरही तिचे यशापयश यंत्राबाहेरच्या गोष्टींवर ठरत राहिले. त्या गोष्टी कोणत्या, याचा शोध घेण्यासाठी 1956 चा प्रयोग हे उत्तम साधन आहे, कारण त्याचे मोजमाप त्याच वेळी काळजीपूर्वक करण्यात आले होते.

पाटस परिसर आणि श्रवणाची शिस्त

दौंड तालुक्यातील पाटस हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटर अंतरावर वसलेले आहे. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग 1858 मध्ये या भागातून दिक्सळपर्यंत खुला झाला. त्यामुळे शहरातील बातमी, वर्तमानपत्र आणि टपाल येथे लवकर पोहोचू लागले. परंतु बाहेरचा शब्द गावात आणून तो समूहाने ऐकण्याची येथील रीत आगगाडीपेक्षा जुनी आहे. श्रीसंत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग यवत, वरवंड, पाटस असा येत रोटी घाटाने उंडवडीकडे वळतो. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेल्या या सोहळ्याने वाटेवरील गावांना दरवर्षी यजमानपदाची सवय लावली. दिंड्यांची उतरण्याची जागा, पाणी, पंगत, कीर्तनासाठी मोकळी ठेवायची जागा, या सर्वांची वाटणी गावात आधीच झालेली असते.

अखंड हरिनाम सप्ताहात ही शिस्त अधिक स्पष्ट दिसते. कीर्तनकार बाहेरगावचा असतो. त्याचे निरूपण कितीही रसाळ असले तरी सप्ताह उभा राहतो तो गावकऱ्यांच्या पाळ्यांवर. काकड्याला कोणी उठायचे, पारायणास कोण बसणार, कीर्तनकारांची शिदोरी कोणाच्या घरी, हे ठरलेले असते. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, म्हणून पहारा बदलत राहतो. मध्यरात्री मंडपात वीणा घेऊन उभा असलेला माणूस वक्ता नसतो आणि त्या घटकेला बहुधा त्याला श्रोतेही नसतात. तरीही तो तेथून हलला तर सप्ताह मोडला असे गाव मानते. श्रवणाचे यजमानपद म्हणजे काय, हे समजण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

या परंपरेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. कीर्तनात श्रोता टाळ्यांनी, गजराने साथ देतो. निरूपणाला अडवून प्रश्न विचारीत नाही. मंडपात कोण कोठे बसणार, हेही दीर्घकाळ जातीवरून ठरत असे. 1956 च्या प्रयोगाला सामोरे गेलेल्या गावांच्या पाठीशी श्रवणाची पक्की सवय होती, पण उलट बोलण्याची सवय फारशी नव्हती.

1875 : शहरातील व्याख्यान आणि सुप्याचा बाजार

आधुनिक अर्थाने व्याख्यान हा प्रकार पुण्यात रुजला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षी 12 मे रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे हस्तगत करून जाळले. इतिहासात दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उठावाची ही सुरुवात होती. सुपे पाटसपासून फार दूर नाही. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर पुण्यात विद्वत्तापूर्ण विवेचन होत होते आणि ज्यांच्याविषयी ते होत होते ते लोक एका दिवसाच्या अंतरावर रोखे जाळीत होते. दोन्ही ठिकाणांना जोडणारी आगगाडी होती, बैठक नव्हती.

ही उणीव पुण्यातील पुढाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. 1870 मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने 1876-77 च्या दुष्काळात गावोगावी आपले प्रतिनिधी पाठवून माहिती गोळा केली आणि त्या आधारे सरकारला पत्रे लिहिली. गावाचा शब्द शहराकडे नेणारी ही वाट महत्त्वाची होती. परंतु ती संकटापुरती राहिली. शहरातील व्याख्यान गावात आणि गावातील प्रश्न शहरात, असा नियमित दुहेरी व्यवहार घडण्यासाठी आणखी ऐंशी वर्षे जावी लागली.

1956 चा प्रयोग

पुणे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. बरोबर एक वर्ष आधी, 2 ऑक्टोबर 1952 रोजी, देशात सामूहिक विकास योजनेला प्रारंभ झाला होता. ग्रामसेवक गावोगावी फिरू लागले होते आणि त्यांच्यामागे तज्ज्ञांचा आवाज उभा करावा अशी गरज जाणवत होती. त्याच सुमारास, 1954 मध्ये, युनेस्कोने कॅनडातील शेतकरी रेडिओ मंडळांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. कॅनडात 1941 पासून शेतकऱ्यांचे छोटे गट शेजाऱ्यांच्या घरी जमून साप्ताहिक प्रसारण ऐकत, चर्चा करीत आणि आपले मत लेखी कळवीत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्यांचे सूत्र होते. भारतातील प्रयोगात यातील पहिली पायरी व्यवहारतः गाळावी लागली, कारण साक्षरतेची अट घातली असती तर बहुसंख्य शेतकरी बाहेर राहिले असते.

युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगासाठी तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर हे जिल्हे निवडण्यात आले. 19 फेब्रुवारी ते 26 एप्रिल 1956 या दहा आठवड्यांत, रविवारी व गुरुवारी, प्रत्येकी अर्ध्या तासाचे असे 20 कार्यक्रम प्रसारित झाले. शेती, आरोग्य, साक्षरता, शिक्षण, स्थानिक स्वराज्य हे त्यांचे विषय होते. प्रत्येक गावात सुमारे वीस सभासदांचे मंडळ, एक अध्यक्ष आणि एक संयोजक अशी रचना होती. सभासदांनी कार्यक्रम एकत्र ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि चर्चेचा वृत्तान्त व शंका केंद्राकडे पाठवायच्या. पुढील कार्यक्रमांतून त्या शंकांना उत्तरे दिली जात.

काळाची निवड शेतकऱ्याच्या दृष्टीने सोयीची होती असे म्हणता येणार नाही. दौंडच्या जिरायत पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल हा शाळूची काढणी, खळ्यावरची मळणी आणि पाठोपाठ चैत्रातील यात्रा यांचा काळ. दिवसभर खळ्यावर राबलेल्या माणसाने आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी चावडीत वा शाळेत येऊन बसणे ही मोठी अपेक्षा होती. राजकीय हवाही शांत नव्हती. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा जानेवारी 1956 मध्ये झाली होती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने सगळा मराठी मुलूख पेटला होता. शासनाच्या माध्यमातून आलेला कोणताही शब्द त्या दिवसांत संशयाने ऐकला गेला असता तर नवल नव्हते. तरीही मंडळे चालली.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले. ते काम पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. मूळचे व्हिएन्नाचे असलेले न्यूरथ नाझींच्या डाखाउ व बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेले आणि समाजशास्त्रज्ञ म्हणून न्यूयॉर्क येथे अध्यापन करू लागले. छावणीतील समाजरचनेवर प्रबंध लिहिणाऱ्या या अभ्यासकाने मराठी खेड्यातील बैठकीचाही अभ्यास करावा, हा योगायोग लक्षणीय आहे. त्यांचे सहलेखक जगदीशचंद्र माथुर हे त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक होते; हिंदी वाचक त्यांना ‘कोणार्क’ या नाटकाचे लेखक म्हणून ओळखतात. या दोघांचा अहवाल युनेस्कोने 1959 मध्ये प्रकाशित केला.

या मूल्यमापनाची पद्धत आजही अनुकरणीय वाटते. मंडळे असलेल्या गावांबरोबरच दोन प्रकारची अन्य गावे तुलनेसाठी घेण्यात आली : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओही नाही अशी. प्रयोगापूर्वी व नंतर मुलाखती घेऊन प्रसारित विषयांच्या माहितीत किती भर पडली हे तपासण्यात आले. मंडळे असलेल्या गावांत ती भर ठळक होती. तुलनेच्या गावांत ती अल्प होती. आणि ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्यांचीही गणना याच अल्प लाभाच्या गावांत झाली. आवाज तोच, भाषा तीच, तज्ज्ञही तेच. फरक होता तो ठरलेल्या वेळी जमणाऱ्या वीस माणसांचा.

अहवालातील दुसरे निरीक्षण इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक विचार करावयास लावणारे आहे. मंडळे केवळ ऐकून थांबली नाहीत. अनेक ठिकाणी त्यांनी गावाच्या कामांचे निर्णय घेण्यास सुरुवात केली आणि ग्रामपंचायत व ग्रामसभा यांच्या मधल्या जागेत ती जाऊन बसली. काही बाबतींत निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही त्यांची चाल जलद होती. दहा आठवड्यांच्या अवधीत एखाद्या श्रोतृगटाने असे रूप धारण करावे, ही गोष्ट प्रयोग आखणाऱ्यांच्याही अपेक्षेपलीकडची असावी.

संयोजक

या सर्व व्यवहारातील मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे संयोजक. लिहिता-वाचता येणारी व्यक्ती आवश्यक असल्याने हे काम स्वाभाविकपणे शाळामास्तरांसारख्यांकडे जाई. बहुतेक गावांत वीज नव्हती. संच बॅटरीवर चाले आणि बॅटरी उतरली की कार्यक्रम बुडे. म्हणजे संच वेळेवर सुरू होईल हे पाहणे, सभासदांना आठवण देणे, चर्चा भरकटली तर विषयावर आणणे, मोठ्या आवाजाच्या माणसाला आवरणे, कोपऱ्यातील माणसाला बोलते करणे आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात वृत्तान्त लिहून टपालात टाकणे, एवढे सगळे त्याच्या वाट्याला येई.

बैठकीची जागा निवडणे हा तर निव्वळ सोयीचा प्रश्न नव्हताच. अस्पृश्यता प्रतिबंधक कायदा 1955 मध्ये झाला होता. कायद्याला वर्षही पुरे झाले नव्हते. देवळाचा सभामंडप, पाटलाचा वाडा, चावडी आणि शाळा या चार जागांपैकी कोणती निवडली जाते यावर मंडळात कोण निःसंकोच येऊ शकेल हे ठरणार होते. दुसरीकडे कुळकायद्यातील दुरुस्तीनंतर 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन ठरावयाचा होता. जमीनमालक आणि कूळ यांना एका सतरंजीवर बसून पिकाविषयी बोलायचे होते. अशा गावात चर्चा चालविणे म्हणजे प्रसारणाचा कागद वाचून दाखविणे नव्हे. स्त्रियांचा सहभाग मात्र नाममात्रच राहिला. आरोग्य आणि शिक्षण हे विषय घरातील ज्या माणसांशी निगडित होते, ती माणसे बहुतांशी बैठकीबाहेर होती. प्रयोगाच्या यशाचे वर्णन करताना ही बाजू झाकणे योग्य होणार नाही.

आकाशवाणीच्या इतिहासात निवेदक, लेखक व निर्माते यांची नावे टिकली आहेत आणि ते उचितच आहे. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारख्या लेखकाने दीर्घकाळ काम केले, ही त्या केंद्राची प्रतिष्ठाच होय. गावोगावच्या संयोजकांच्या वाट्याला तशी नोंद आली नाही. एकशे पन्नास गावांचा हा प्रयोग वीस कार्यक्रमांचा होता असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तो जवळपास तीन हजार बैठकींचा होता, आणि त्यातील प्रत्येक बैठक कोणीतरी भरविलेली होती.

विस्तार आणि उतरण

प्रयोगाच्या यशानंतर 1959 मध्ये ही योजना देशभर लागू करण्यात आली. काही वर्षांत मंडळांची संख्या हजारोंच्या घरात गेली. संख्या वाढली तशी त्यांची जात बदलली. दहा आठवड्यांसाठी स्वेच्छेने पत्करलेली शिस्त कायमस्वरूपी सरकारी योजनेचा भाग झाली की तिच्यात उद्दिष्टपूर्तीचा सूर येतो. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यान्वित झाल्या. गावाच्या विकासाची चर्चा करण्यासाठी निवडणूक, निधी आणि अधिकार असलेले व्यासपीठ उपलब्ध झाल्यावर अधिकार नसलेल्या श्रोतृमंडळाकडे गावातील कर्त्या माणसांचे लक्ष राहणे अवघडच होते.

त्याच दशकात ट्रान्झिस्टर आला. रेडिओ चावडीतून निघून घरात, तेथून मोटेवर आणि शेताच्या बांधावर गेला. ऐकणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. एकत्र ऐकणाऱ्यांची घटली. याला निव्वळ ऱ्हास म्हणणे एकांगी ठरेल. चावडीत ज्यांना जागा नव्हती अशा स्त्रियांना आणि गावकुसाबाहेरील वस्तीला घरच्या रेडिओने प्रथमच कोणाच्याही परवानगीवाचून ऐकण्याची मोकळीक दिली. 1966 नंतर हरितक्रांतीच्या काळात आकाशवाणीने शेती व गृह विभाग उभारले, शेतकऱ्यांची चर्चामंडळे निघाली, संकरित बियाणांची माहिती बांधापर्यंत पोहोचली. माहिती जात राहिली. प्रश्न परत येण्याची वाट मात्र अरुंद होत गेली.

दूरचित्रवाणी आणि महाविद्यालये

उपग्रहाद्वारे सामुदायिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात सहा राज्यांतील सुमारे 2,400 गावांत झाला. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाचा उपग्रहाशी खरा संबंध आला तो 15 ऑगस्ट 1984 रोजी सुरू झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या देशव्यापी वर्ग या कार्यक्रमामुळे. इन्सॅट-1बी वरून येणाऱ्या या प्रसारणासाठी पुणे विद्यापीठातील शैक्षणिक माध्यम केंद्रासारख्या केंद्रांत कार्यक्रम तयार होत. महाविद्यालयांना संच मिळाले. भाषा प्रामुख्याने इंग्रजी, वेळ दुपारची, आशय अभ्यासक्रमाला पूरक पण परीक्षेशी न जोडलेला. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी त्या वेळी एक तर तासिकेला असे किंवा परतीच्या एस.टी.च्या थांब्यावर.

या कार्यक्रमांची गुणवत्ता कमी होती असे कोणी म्हणणार नाही. विज्ञानावरील काही चित्रफिती तर आजही दाखविण्याजोग्या आहेत. परंतु या योजनेत संच कोणत्या खोलीत ठेवायचा याचा जेवढा विचार झाला तेवढा त्या खोलीत कोणी, कोणाला बसवायचे याचा झाला नाही. 1956 च्या रचनेतील अध्यक्ष, संयोजक आणि वृत्तान्त या तिन्ही गोष्टी येथे नव्हत्या. श्रेयांक, कार्यभार वा मूल्यांकन यांपैकी कशातही हे काम मोजले जात नसल्याने एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या बदलीबरोबर ते थांबणे क्रमप्राप्त होते. दर्जेदार आशय आणि उपलब्ध संच असूनही बैठक उभी राहत नाही, हे 1956 च्या रेडिओ असलेल्या पण मंडळ नसलेल्या गावांनी आधीच दाखविले होते.

सध्या महाविद्यालयात परिषदेचे थेट प्रक्षेपण दाखविताना पडद्याच्या कडेला प्रश्न लिहिण्याची चौकट असते. परतीची वाट पुन्हा खुली झाली आहे, आणि ती टपालापेक्षा जलद आहे. मात्र चौकटीत टंकलेखन करणारा एकच असतो, बहुधा संगणकाजवळ बसलेला, बहुधा इंग्रजीत लिहू शकणारा. सभागृहातील पन्नास जणांपैकी कोणाचा प्रश्न तो घेतो, मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे इंग्रजीत काय होते, आणि वेळ अपुरा पडला तर कोणता प्रश्न गळतो, याचा निर्णय तो एकटाच करीत असतो. श्रोतृमंडळात हा निर्णय बैठकीत, सर्वांदेखत, वाद घालून होत असे. त्यानंतर संयोजक तो कागदावर उतरवीत असे आणि तो कागद टपालाने पुण्यास जात असे.